मुतखड्याची शस्त्रक्रिया : भीती आणि वस्तुस्थिती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेतील एक पुष्प आम्ही गुंफावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली आणि विषयही तिनेच ठरवून दिला : मुतखडा. आम्ही कार्यवाहांना म्हटले, "अहो, आम्ही डॉक्टर नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखा विभागात इतरांच्या खर्चाचे हिशेब तपासत आहोत." ते म्हणाले, "डॉक्टरांनी खडे काढले असतील. पण तुम्ही तो चौदा महिने सांभाळला आहे. तुम्हीच बोला." या युक्तिवादापुढे आमचे काही चालले नाही.

तेव्हा प्रारंभीच सांगतो, की आम्ही येथे औषधयोजना सांगणार नाही. ज्याचा त्याचा उपचार ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावा. आम्ही सांगणार आहोत ते एका चुकीविषयी. चूक आमची स्वतःची आहे, आणि आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या माणसांच्या हातून ती सहज घडते.

कथेचा आरंभ आमच्या वडिलांपासून करावा लागेल. वडील सांगली जिल्ह्यातील एका गावी प्राथमिक शिक्षक होते. 1984 साली मिरजेस त्यांच्या मूत्रपिंडातील खडा काढण्यात आला. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाठीकडून शेवटच्या बरगडीखालून कुशीपर्यंत मोठी चीर घेतली होती आणि बरगडीचा तुकडाही काढावा लागला होता. पंधरा दिवस ते इस्पितळात होते आणि पुढे दोन महिने घरी. रजा संपून बिनपगारी झाली. डॉक्टरांनी आपले काम उत्तम केले होते. त्यानंतर वडील पंचवीस वर्षे जगले आणि त्या बाजूस पुन्हा खडा झाला नाही. परंतु दर पावसाळ्यात ते कुशीवर हात ठेवून बसत, आणि आंघोळीच्या वेळी तो वीतभर वण आम्हांस दिसे. मुतखड्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे आमच्या मनावर त्या वणाने कायमचे लिहून ठेवले.

आता 2022 सालच्या एप्रिलकडे येऊ. मारवाडातला उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. अंगातले पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी दाट होते. लघवीतील क्षार पाण्यात विरघळून राहीनासे झाले, की त्यांचे स्फटिक बनतात आणि त्यांच्या साठ्यातून खडा तयार होतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा हा पट्टा मुतखड्याचा म्हणून ओळखला जातो, त्याला उष्ण हवा हे एक कारण आहे. एका रात्री दोनच्या सुमारास आमच्या डाव्या कुशीत कळ उठली. ती जांघेपर्यंत उतरली. बसवेना, निजवेना. आम्ही पहाटेपर्यंत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारीत होतो.

सकाळी इस्पितळात इंजेक्शन दिले आणि कळ ओसरली. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन झाले. डाव्या मूत्रपिंडाच्या मुखाशी, जेथे लघवी गोळा होऊन खाली वाहू लागते त्या जागी, बावीस मिलिमीटरचा खडा होता. डॉक्टर म्हणाले, "साहेब, पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. हा पडणार नाही. दुर्बिणीने काढून टाकू. तीन-चार दिवसांत घरी जाल."

आम्ही 'विचार करून सांगतो' म्हणालो, आणि विचारात चौदा महिने घालवले. आधी वाटले, येथे आपले कोण आहे? गावी जाऊन करू. तेथे आई आहे, भाऊ आहे, वहिनी आहेत. मग दिवाळीची रजा ठरली. ती लेखापरीक्षणात गेली. मग मुलीची बारावी आली. मग बदलीची वार्ता उठली, ती खोटी ठरली. मधल्या काळात कुळथाचे पाणी झाले, पानफुटीचा रस झाला, गोखरूचा काढा झाला. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कळ पुन्हा आली नाही. दुखत नाही त्याअर्थी खडा विरघळला असावा, असे आम्ही स्वतःस सांगितले. खरे कारण निराळेच होते. 'दुर्बिणीने' हा शब्द आम्ही कानांनी ऐकला होता; डोळ्यांपुढे मात्र वडिलांचा वणच होता.

2023 च्या जूनमध्ये कार्यालयाच्या नेहमीच्या तपासणीत रक्तातील क्रिएटिनीन वाढलेले दिसले. पुन्हा सोनोग्राफी झाली. डावे मूत्रपिंड फुगून त्याचा गर पातळ झाला होता. दोन्ही मूत्रपिंडे कामाचा किती वाटा उचलतात हे पाहणारा डीटीपीए स्कॅन झाला. सर्वसाधारणपणे हा वाटा जवळजवळ निम्मा-निम्मा असतो. आमचा निघाला उजवीकडे एकाहत्तर टक्के आणि डावीकडे एकोणतीस.

या ठिकाणी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण आमचे सारे भाषण तिच्यावर उभे आहे. मुतखड्याची कळ खड्याच्या टोचण्याने येते असे आपण समजतो. खरे पाहता लघवीचा मार्ग एकाएकी अडला आणि मूत्रपिंड व मूत्रवाहिनी ताणली गेली, म्हणजे ती येते. अडथळा हळूहळू वाढत गेला तर मूत्रपिंड हळूहळू फुगते, आणि मनुष्यास काहीच कळत नाही. आत मात्र तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडाचा गर झिजवीत असतो. म्हणजे कळ येणे ही सूचना आहे. कळ थांबणे हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. हिशेबतपासनीस असूनही, आक्षेप मागे घेतला गेला आणि आक्षेप उत्तरितच झाला नाही, यांतला भेद आम्हांस स्वतःच्या देहात कळला नाही.

आता आमचा मूळ विषय इतिहासाचा असल्यामुळे, ज्या शस्त्रक्रियेस आम्ही भीत होतो ती कोठून आली हे थोडे सांगतो. सुश्रुतसंहितेत अश्मरीवरील शस्त्रकर्माचे सविस्तर वर्णन आहे, आणि त्यापूर्वी राजाची अनुमती घ्यावी असेही सांगितले आहे. इतके ते जिवावरचे होते. परंतु ते मूत्राशयातील खड्याविषयी होते. मूत्रपिंड पाठीच्या स्नायूंमागे, बरगड्यांच्या आड, रक्तवाहिन्यांनी भरलेले असे लपून बसले आहे. त्यातील खड्यापर्यंत शल्यवैद्यांचा हात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोहोचला नव्हता. पोहोचला तेव्हा तो मोठ्या चिरेतून पोहोचला, आणि पुढे शंभर वर्षे तीच रीत राहिली.

1955 साली अमेरिकेत गुडविन यांनी फुगलेल्या मूत्रपिंडात पाठीतून सुई घालून लघवी बाहेर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1976 साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पुढचे पाऊल टाकले. पाठीतून केलेल्या अशाच बारीक वाटेने, चीर न घेता, त्यांनी खडाच बाहेर काढला. एक क्ष-किरणतज्ज्ञ आणि एक मूत्ररोगतज्ज्ञ अशी ती जोडी होती. एकाने वाट पाहायची आणि दुसऱ्याने चालायची. आम्ही लहानपणी पाहिलेल्या वणाच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. वडिलांच्या वाट्यास ती आली नाही. आमच्या वाट्यास आली, आणि आम्ही ती चौदा महिने दारात उभी ठेवली.

7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिक येथे निराळाच मार्ग उघडला. डोर्निए ही विमाने बनवणारी जर्मन कंपनी. अतिवेगवान विमानाच्या धातूवर पावसाच्या थेंबांच्या आघाताने काय होते, याचा अभ्यास करताना आघातलहरींचे सामर्थ्य तेथील शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले. त्यातून असे यंत्र निघाले, की जे शरीराबाहेरून लहरी सोडून आतील खडा फोडते. डॉ. ख्रिस्तियान शाउसी यांनी त्या दिवशी ते प्रथम माणसावर वापरले. सुरुवातीस रुग्णास पाण्याच्या टाकीत बसवीत असत. आताच्या यंत्रांत पाण्याची लहानशी उशी पुरते. पुढे लवचीक दुर्बिणी आल्या, आणि 1990 नंतर होल्मियम लेसर आला. त्याचा केसासारखा बारीक तंतू खड्यापर्यंत नेऊन खड्याची भुकटी करता येते.

आज डॉक्टरांपुढे मुख्यतः तीन वाटा असतात. खडा लहान, मऊ आणि सोयीच्या जागी असला तर बाहेरून आघातलहरी देतात. कापाकापी मुळीच नाही, परंतु फुटलेले तुकडे नंतर लघवीवाटे पडावे लागतात. खडा मूत्रवाहिनीत असला, किंवा मूत्रपिंडात असून सुमारे दोन सेंटिमीटरच्या आत असला, तर लघवीच्या नैसर्गिक मार्गानेच दुर्बीण वर नेऊन लेसरने फोडतात. तेथेही त्वचेवर छेद नाही. खडा दोन सेंटिमीटरहून मोठा किंवा मूत्रपिंडाच्या कप्प्यांत फांद्यांसारखा पसरलेला असला, तर पाठीतून लहान छिद्र पाडून काढतात. तिचे लांबलचक नाव पर्क्युटेनियस नेफ्रोलिथोटॉमी. डॉक्टर तिला पीसीएनएल म्हणतात. खड्याचा आकार, जागा, कठीणपणा आणि रुग्णाची प्रकृती पाहून वाट ठरते. शेजाऱ्याचा खडा लेसरने निघाला म्हणून आपलाही तसाच निघावा, असा आग्रह धरू नये.

आमच्यावर झाली ती पीसीएनएल. भुलेखाली असल्याने आम्ही काही पाहिले नाही. परंतु डॉक्टरांनी आधी कागदावर आकृती काढून समजावले ते सांगतो. प्रथम लघवीच्या मार्गाने एक बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत नेतात आणि तीतून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडतात. त्यामुळे मूत्रपिंडाच्या आतील कप्पे पडद्यावर दिसू लागतात. मग रुग्णास पालथे करतात. काही ठिकाणी उताणे ठेवूनही करतात. पडद्यावर पाहत पाठीतून एक लांब सुई नेमक्या कप्प्यात घालतात. सारे कौशल्य या सुईत आहे. ती योग्य कप्प्याच्या टोकातून गेली तर रक्तस्राव कमी होतो. सुईतून तार जाते, तारेवरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या जातात आणि वाट रुंद होते. शेवटी आठ ते दहा मिलिमीटर व्यासाची पोकळ नळी तेथे बसवतात. तीतून दुर्बीण घालून खडा फोडतात आणि तुकडे चिमट्याने बाहेर काढतात. हल्ली याहून निम्म्या व्यासाच्या नळीतूनही पुष्कळ ठिकाणी हे काम करतात.

या विद्येत आपला देश मागे नाही. गुजरातेत नडियाद येथे 1978 पासून मूत्ररोगांचे मुळजीभाई पटेल रुग्णालय आहे. दीड मिलिमीटरहून थोड्या अधिक जाडीच्या सुईतूनच पाहण्याचे आणि खडा फोडण्याचे जे तंत्र 2011 साली प्रसिद्ध झाले, त्यात तेथील डॉ. महेश देसाई यांचा मोठा वाटा होता.

शुद्धीवर आलो तेव्हा पाठीत एक नळी होती, लघवीची एक होती. दुखत होते, ते सोसण्याजोगे. दुसऱ्या दिवशी आम्ही चाललो. तिसऱ्या दिवशी पाठीतली नळी काढली. चौथ्या दिवशी घरी आलो. अठराव्या दिवशी कार्यालयात रुजू झालो. आई गावाहून आली होती. तिने पट्टी बदलताना पाहण्याचा हट्ट धरला. जखम पाहून ती कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, एवढ्याशासाठी थांबला होतास?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया म्हणजे खेळ आहे असा मुळीच नाही. छिद्र लहान असले तरी ते मूत्रपिंडात आहे. रक्तस्राव होऊ शकतो. काहींना रक्त द्यावे लागते. जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो, म्हणून आधी लघवीची तपासणी करून संसर्ग असल्यास तो आवरतात. बरगड्यांच्या वरून वाट काढावी लागली तर छातीच्या पोकळीस इजा पोहोचू शकते. एखादा तुकडा मागे राहू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी सांगितलीच पाहिजेत. हे सारे डॉक्टरांना विचारावे आणि अनुभवी हातांकडे जावे. आणि खड्याच्या रुग्णास थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. तुंबलेल्या मूत्रपिंडातील संसर्ग काही तासांत जिवावर बेततो.

आणखी एक गोष्ट, खास बदलीच्या नोकरीतील मंडळींसाठी. अशा शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत डीजे स्टेंट नावाची एक मऊ नळी आत ठेवतात. ती बाहेरून दिसत नाही. काही आठवड्यांनी ती काढायची असते. मनुष्य बरा होतो, बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते आणि नळी आतच राहते. कालांतराने तिच्यावरच क्षार चढून नवा खडा तयार होतो, आणि ती काढणे हीच मोठी शस्त्रक्रिया होऊन बसते. नळी काढण्याची तारीख घरातल्या दोन माणसांनी तरी लिहून ठेवावी. आमच्या घरी ती देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर लिहिली होती.

खडा काढला म्हणजे खाते बंद झाले असेही नाही. काळजी न घेतल्यास सुमारे निम्म्या लोकांना दहा वर्षांच्या आत तो पुन्हा होतो. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी हा आहे. इटलीतील बोर्गी आणि त्यांचे सहकारी यांनी पहिला खडा झालेल्या सुमारे दोनशे रुग्णांचा पाच वर्षे अभ्यास करून तो 1996 साली प्रसिद्ध केला. भरपूर पाणी पिणाऱ्यांत 12 टक्क्यांना खडा पुन्हा झाला, इतरांत 27 टक्क्यांना. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यावे. या प्रदेशातील उन्हाळ्यात त्यासाठी बरेच अधिक पाणी लागते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाच्या निकामीपणाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

दूध बंद करण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. त्याच संशोधकांनी 2002 साली दाखवून दिले, की कॅल्शियम तोडलेल्या आहारापेक्षा, कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या आहारात खडे कमी होतात. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते, ते लघवीत कमी उतरते. म्हणून दूध-ताक चालू ठेवावे. पालक बेताने खावा. लिंबाचे सरबत उपयोगी आहे, कारण लिंबातील सायट्रेट स्फटिक बनू देत नाही. मात्र त्यात मीठ घालू नये. पापड, लोणचे आणि फरसाण यांच्याशी असलेला आपला ऋणानुबंध थोडा सैल करावा. आणि कुळथाचे काय? युरिक ॲसिडचे खडे औषधाने विरघळतात. परंतु बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, आमचाही तसाच होता, आणि ते पोटात घेतलेल्या कशानेही विरघळत नाहीत. कुळथाचे पिठले आवडीने खावे. त्याच्या भरवशावर बावीस मिलिमीटरचा खडा सोपवू नये.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. डावे मूत्रपिंड तेहतीस टक्क्यांवर आले. एकोणतीसचे तेहतीस. उरलेले आता परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. खडा दोन तासांत निघाला; भीतीची किंमत मात्र आम्ही कायमची भरली आहे.

शेवटी एक ऋण मान्य करतो. 'येथे आपले कोण आहे' असे म्हणून आम्ही थांबलो होतो. शस्त्रक्रियेचे ठरले हे मंडळात कळताच, आम्ही न सांगता चार तरुण रक्त देण्यास येऊन उभे राहिले. सुदैवाने ते लागले नाही. पहिल्या दोन रात्री आमच्या उशाशी मंडळाचे माजी कोषाध्यक्ष बसले होते. बारा दिवस डबा आळीपाळीने पाच घरांतून आला, आणि कोणत्याही दोन घरांची आमटी सारखी नव्हती. ही माणसे 2022 च्या एप्रिलमध्येही येथेच होती. आम्ही विचारले नाही, एवढेच.

या सभागृहात आज कोणाच्या कपाटात सोनोग्राफीचा एखादा जुना अहवाल पडून असेल, दुखणे थांबले म्हणून मिटून ठेवलेला. त्यांनी तो उद्या सकाळी बाहेर काढावा आणि डॉक्टरांकडे जावे. गावाची वाट पाहू नये. सोबतीस कोणी नसेल तर मंडळास कळवावे, आम्ही येऊ. आम्हांस आता ती वाट चांगली परिचयाची झाली आहे.